चाचणीतला आकडा ही संख्या आहे की बाइटांची रांग?

गेल्या शनिवारी मासुंदा तलावाकाठी चहा घेताना तुझा प्रश्न अर्धाच राहिला, कारण तुला वाशीची लोकल गाठायची होती. नंतर तू तो नीट लिहून पाठवलास. थोडक्यात असा: महापेतल्या तुमच्या टीमकडे एका सेन्सर-कार्डचा लिनक्स ड्रायव्हर आहे. त्याच्या केयुनिटच्या, म्हणजे लिनक्स कर्नलच्या चाचणी-चौकटीतल्या, बाराही चाचण्या तुझ्या लॅपटॉपवर पास होतात. कोणीतरी त्याच चाचण्या एस३९० वर चालवल्या आणि चार पडल्या. तू एका ठिकाणी सीपीयू_टू_एलई३२, म्हणजे मशीनच्या क्रमातली बत्तीस बिटांची संख्या लिटल-एंडियन क्रमात नेणारं रूपांतर, घालून पाहिलंस. पडलेल्यांपैकी एक पास झाली, पण आधी पास होणारी एक पडली. आता तू विचारतेस, "ताई, बिग-एंडियनसाठी इफडेफ टाकून अपेक्षित आकडे वेगळे ठेवू का? आणि बिग-एंडियन मशीन आता वापरतं तरी कोण?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते लहान आहे. (बिग-एंडियन मशीन संख्येचा सर्वांत वरचा बाइट मेमरीत आधी ठेवतं, लिटल-एंडियन सर्वांत खालचा.) एस३९० म्हणजे आयबीएमच्या झेड मेनफ्रेमवरचा लिनक्स, आणि तो आजही चालतो आहे. अथेरॉस चिपचे जे जुने, मिप्स प्रोसेसरवरचे राउटर अजून घरोघरी आहेत, तेही बिग-एंडियन. पण यातलं एकही मशीन तुमच्या गिऱ्हाइकाकडे नसलं तरी चाचण्या तिथे चालवाव्यात असं मी म्हणेन. केयुनिट काही वेगळं न सांगता चालवलं तर युजर-मोड लिनक्सवर चालतं, म्हणजे कर्नल तुझ्याच लॅपटॉपवर एक प्रोसेस म्हणून उठतो आणि लॅपटॉपचाच बाइट क्रम वापरतो. लिटल-एंडियन मशीनवर एलई३२ चं रूपांतर म्हणजे काहीच न करणं. ते लिहायचं राहिलं, दोनदा लिहिलं, उलट्या दिशेने लिहिलं, तरी निकाल एकच. म्हणून "बारा पास" याचा अर्थ "इंटेलच्या क्रमात बारा पास" एवढाच. रूपांतर राहिलंय की नाही, हे दुसऱ्या क्रमाच्या मशीनवरच कळतं.

आता इफडेफ, म्हणजे कंपाइल करताना मशीन पाहून कोड निवडणारी अट. टाकू नकोस. हे इतकं ठाम का सांगते, त्यामागे माझीच एक चूक आहे. २०११च्या सुमारास मी नवी मुंबईतल्या एका कंपनीत बोर्डांच्या फर्मवेअरवर काम करायचे. केयुनिट तेव्हा नव्हतं. ते लिनक्समध्ये आलं ५.५ आवृत्तीत, २०२० साली. आम्ही आमचं चाचणीचं मॉड्यूल लोड करायचो आणि डीमेसेजमधल्या, म्हणजे कर्नलच्या लॉगमधल्या, ओळी वाचायचो. एका मिप्स बोर्डावर पॅकेटच्या हेडरची चाचणी पडली. अपेक्षित बाइट एका क्रमाने होते, आलेले उलट्या क्रमाने. मी "बिग-एंडियन आहे, उलटंच येणार" म्हणून इफडेफ टाकला, त्यात बाइटांची उलटी यादी लिहिली, चाचणी पास झाली आणि पॅच गेला. तीन महिन्यांनी तोच मिप्स बोर्ड एका आर्म बोर्डाशी बोलायला ठेवला, तर समोरचा एकही पॅकेट घेईना. पहिल्या पॅकेटचा अनुक्रमांक १ असायला हवा होता, तिकडे तो १६७७७२१६ दिसत होता. कोडमध्ये एक रूपांतर राहिलं होतं. चाचणीने ते मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मी चाचणीचंच तोंड बंद केलं. त्या इफडेफने चूक नुसती झाकली नाही, तर ती अपेक्षित निकाल म्हणून लिहून ठेवली. पुढे कोणी कोड बरोबर केला असता तर चाचणीनेच त्याला चूक ठरवलं असतं.

त्यानंतर मी पडलेल्या प्रत्येक चाचणीला आधी एकच प्रश्न विचारते: इथे जो आकडा तपासला जातोय, तो संख्या आहे की बाइटांची रांग?

आपण "पंचवीस" म्हणतो तेव्हा पाच आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. संख्या तीच आहे. ती कानावर पडते तो क्रम वेगळा आणि कागदावर उतरते तो वेगळा. "पंचवीस आणि पंधरा किती?" या प्रश्नाला उच्चाराचा क्रम लागत नाही. पण उच्चार अक्षराअक्षराने टेपवर घेतला असेल तर क्रम लागतो. कर्नलमध्ये तसंच आहे. व्हेरिएबलमधली संख्या ही नुसती संख्या, तिला एंडियन नसतो. ती मेमरीत, तारेवर, डिस्कवर किंवा कार्डाच्या रजिस्टरमध्ये बाइट-बाइट करून उतरली की तिला क्रम येतो. तो क्रम मशीनने ठरवायचा नाही, तर त्या फॉरमॅटच्या कागदाने. तुमच्या कार्डची डेटाशीट म्हणते की रेकॉर्डमधलं सगळं लिटल-एंडियन आहे, म्हणजे एस३९० वरसुद्धा तिथे लिटल-एंडियनच बाइट पडायला हवेत. रूपांतर फक्त या उंबरठ्यावर होतं, आणि एका ओलांडण्याला एकदाच.

यावरून दोष कुणाचा ते शोधायचा सरळ मार्ग निघतो. ज्या बफरची (मेमरीतल्या बाइटांच्या तुकड्याची) तपासणी होते तो बफर दोन्ही मशीनवर बाइट-बाइट छापून घे. केयुनिट_एक्स्पेक्ट_मेमईक्यू हा मेमरीचे दोन तुकडे ताडणारा मॅक्रो वापरलास तर चाचणी पडल्यावर ते दोन्ही बाजूंचे बाइट स्वतःच छापतं आणि वेगळे बाइट कोनी कंसांत दाखवतं. दोन्ही मशीनवरचे बाइट सारखे आणि डेटाशीटशी जुळणारे असतील तर कोड बरोबर आहे, चाचणीची अपेक्षा चूक आहे. बाइट वेगळे असतील तर दोष कोडमध्ये, किंवा चाचणीने कोडला भरवलेल्या खोट्या डेटामध्ये. आणि तो बफर मशीनच्या बाहेर कधी जातच नसेल, तर तिथे कोणतंही रूपांतर नको. असेल तर काढ. हे तपासण्याआधी एकही सीपीयू_टू_ काहीही घालू नकोस. तुझी एक चाचणी उठली आणि दुसरी पडली ती यामुळेच. दोन्ही चाचण्या एकाच नकली-डेटा बनवणाऱ्या हेल्परवर उभ्या आहेत. एकीला त्यातून बाइटांची रांग हवी होती, दुसरीला संख्या. तू हेल्पर बदलल्यावर पहिलीला हवं ते मिळालं आणि दुसरीचं गेलं. हेल्पर दोन कर: एक संख्या देणारा, दुसरा कार्डाच्या क्रमातले बाइट देणारा. कुठला काय देतो ते नावातच दिसू दे.

आता तुझ्या चार चाचण्या.

पहिली, हेडरची. कोड अनुक्रमांक लिहितो, हेक्समध्ये (सोळाच्या पायावर, दोन आकडे म्हणजे एक बाइट) ११२२३३४४. बफरमध्ये बाइट पडतात ४४, ३३, २२, ११, आणि डेटाशीटलाही तेच हवं आहे. पण चाचणी बफरच्या चौथ्या बाइटापासून यू३२ चा, म्हणजे बत्तीस बिटांच्या चिन्हरहित संख्येचा, पॉइंटर लावून आकडा वाचते आणि तो ११२२३३४४ आहे का ते पाहते. एस३९० वर हेच चार बाइट ४४३३२२११ असे वाचले जातात. कोड निर्दोष आहे, चाचणी वाचताना चुकते. दुरुस्ती दोन प्रकारे होईल: गेट_अनअलाइन्ड_एलई३२ ने वाचायचं, किंवा अपेक्षित बाजूला चार बाइटांचा ॲरे लिहून मेमईक्यू लावायचा. मी दुसरा प्रकार निवडते, आणि त्याला कारण आहे. अपेक्षित उत्तर कोडच्याच हेल्परने बनवलं तर चाचणी कोडशी सहमत होते, डेटाशीटशी नाही. चाचणीत बाइट हाताने लिहिले की ते डेटाशीट उघडून, बोट ठेवून लिहावे लागतात. चाचणी मला त्यासाठीच हवी असते. चाचणी पाच-सहा ओळींनी वाढते, वाढू दे.

यू३२ चा पॉइंटर लावण्यात दुसरी अडचणही आहे. हेडर चारच्या पटीतल्या पत्त्यावर सुरू झाला नाही, तर एस३९० गप्प राहील, कारण त्याला अशी वाचनं चालतात. स्पार्क प्रोसेसरला चालत नाहीत. क्रम दुरुस्त करताना पॉइंटरचा कास्ट तसाच ठेवलास तर एक बग काढून दुसरा ठेवल्यासारखं होईल.

दुसरी चाचणी चेकसमची, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का ते ओळखणाऱ्या बेरजेची आहे. तिच्यावर मी थोडी थांबते, कारण इथे अनुभवी माणसंही फसतात. इंटरनेटच्या चेकसममध्ये सोळा-सोळा बिटांचे तुकडे मिळवतात, आणि वर आलेला हातचा परत खालून मिळवतात. या बेरजेचा एक सुंदर गुण आरएफसी १०७१ या इंटरनेटच्या दस्तऐवजात, १९८८ सालीच, लिहून ठेवलेला आहे: तुकडे कोणत्याही बाइट क्रमाने वाचा, बेरीज फक्त बाइट उलटलेली येते, बाकी तीच. हेक्समधले चार बाइट घे: ९०, १२, ८०, ३४. बिग-एंडियन मशीन वाचतं ९०१२ आणि ८०३४. बेरीज ११०४६, वरचा १ खाली मिळवला की १०४७. लिटल-एंडियन मशीन वाचतं १२९० आणि ३४८०, बेरीज ४७१०. दोन वेगळ्या संख्या झाल्या. आता प्रत्येक मशीनने आपली संख्या आपल्या क्रमाने मेमरीत ठेवू दे. बिग-एंडियनवर १०४७ चे बाइट १०, ४७. लिटल-एंडियनवर ४७१० चे बाइटही १०, ४७. तारेवर दोघं एकच गोष्ट पाठवतात. म्हणूनच कर्नलमधला चेकसमचा कोड वेगासाठी मशीनच्या क्रमाने वाचतो आणि तरीही बरोबर असतो. (फंक्शन शेवटी बेरजेचा पूरक देतं, पूरक घेतल्याने बाइटांचा क्रम हलत नाही.)

तुझ्या चाचणीत अपेक्षित उत्तर ही संख्या आहे, आणि ती लॅपटॉपवर छापून चिकटवलेली आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातली ४७१०. एस३९० वर फंक्शन १०४७ देतं आणि चाचणी त्याला चूक म्हणते. इथे कोडला हात लावशील तर चालणारी गोष्ट मोडशील. लिनक्सच्या स्वतःच्या चेकसम-केयुनिट चाचण्यांमध्ये हेच झालं होतं, आणि २०२४ मध्ये दुरुस्ती चाचणीतच केली गेली. अपेक्षित उत्तर तारेवरच्या क्रमात ठेव, म्हणजे १०४७ ला एचटीओएनएस (सोळा बिटांची संख्या मशीनच्या क्रमातून तारेच्या क्रमात नेणारं रूपांतर) लावून. लिटल-एंडियनवर ते ४७१० होईल, बिग-एंडियनवर १०४७ राहील. आणखी एक जप: अपुरी, न दुमडलेली बत्तीस बिटांची बेरीज कधी थेट ताडून पाहू नकोस. आधी सोळा बिटांत दुमड, मग ताड. उलटापालटीचा तो गुण दुमडल्यानंतरच लागू पडतो.

तिसरी, फ्लॅगची. कार्डाचे चौसष्ट फ्लॅग (चालू-बंद खुणा) दोन यू३२ संख्यांत येतात. चाचणी त्या ॲरेवर अनसाइन्ड लाँगचा पॉइंटर लावते आणि टेस्ट_बिट ने तिसरा बिट पाहते. अनसाइन्ड लाँग एस३९० वर चौसष्ट बिटांचा आहे आणि त्याचा वरचा अर्धा भाग आधी येतो. त्यामुळे तुझा पहिला यू३२ वरच्या अर्ध्यात गेला, आणि तिसरा बिट दुसऱ्या यू३२ मध्ये शोधला गेला. अर्धे उलटले, अर्ध्यांच्या आत काहीच उलटलं नाही. हीच चाचणी बत्तीस बिटांच्या बिग-एंडियन मशीनवर निमूट पास होईल, कारण तिथे लाँग आणि यू३२ एकाच मापाचे. "पॉवरपीसी ३२ वर चालतं, ६४ वर पडतं" असं कोणी सांगितलं तर मी सर्वांत आधी बिटमॅपचे कास्ट शोधते. उपाय: डिक्लेअर_बिटमॅप ने खरा बिटमॅप बनव आणि बिटमॅप_फ्रॉम_एआरआर३२ ने त्यात भर. बाइट फिरवणारं कोणतंही फंक्शन इथे उपयोगाचं नाही.

चौथीत तर बाइट क्रमाचं रूपांतर मुळीच नाही. गेन (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा तो आकडा) वाचणारं फंक्शन यू८ चा, म्हणजे एका बाइटाचा, पॉइंटर घेतं. चाचणीने इंट व्हेरिएबल शून्य करून त्याचाच पत्ता यू८ म्हणून दिला. लॅपटॉपवर सर्वांत खालचा बाइट पहिल्या पत्त्यावर असतो, म्हणून ७ आलं. एस३९० वर पहिल्या पत्त्यावरचा बाइट सर्वांत वरचा, म्हणून ११७४४०५१२ आलं. ते ७ गुणिले १६७७७२१६ आहे. व्हेरिएबल यू८ कर, काम झालं. असे काही आकडे नजरेत बसवून घे: अपयशाच्या ओळीत १६७७७२१६ किंवा त्याची पट दिसली की बत्तीस बिटांच्या जागेत लहान संख्या वरच्या टोकाला गेली आहे, २५६ किंवा त्याची पट दिसली तर सोळा बिटांत, ७२०५७५९४०३७९२७९३६ दिसला तर चौसष्ट बिटांत १ तिथे गेला आहे. मी कोड उघडण्याआधी हे पाहते, आणि पुष्कळदा कोणतं फील्ड ते तिथेच कळतं.

आता ज्या चाचणीबद्दल तू विचारलंच नाहीस ती. मला सर्वांत काळजी तिची वाटते. तुझी आठवी चाचणी रेकॉर्ड बनवते, परत उलगडते आणि आत घातलेली लांबी बाहेर आली का ते पाहते. ती दोन्ही मशीनवर पास होते. मी तुझा कोड वाचला: लांबी लिहिताना रूपांतर नाही, वाचतानाही नाही. दोन्ही बाजूंनी सारखीच चूक, म्हणून चाचणी कुठेही पडणार नाही. खऱ्या कार्डाला मात्र बिग-एंडियन मशीनकडून उलटी लांबी जाईल. म्हणजे तुझ्या ड्रायव्हरमधला खरा बग पडलेल्या चार चाचण्यांत नाही, पास होणाऱ्या आठवीत आहे.

शिवाय त्या चाचणीत तू सोळा बिटांच्या फील्डमधली लांबी २५७ घेतली आहेस. एका बाइटात न मावणारी हवी, म्हणून घेतली असशील. विचार चांगला होता. पण २५७ हेक्समध्ये ०१०१ आहे. उलटा केला तरी ०१०१. उद्या तू मधल्या बफरचे बाइट तपासायला लागलीस तरी ही किंमत काहीच पकडणार नाही. २५८ घे. तो ०१०२ आहे. उलटला की ५१३ होतो आणि लगेच दिसतो. शून्य, सगळे एक, एकच बाइट पुन्हा पुन्हा आलेल्या किंमती यांच्यावर बाइट क्रमाची चाचणी उभी करू नये. त्या काठाच्या किंमती म्हणून ठेव, पण शेजारी एक अशी ठेव जिच्यातला प्रत्येक बाइट वेगळा आहे. मी हेक्समधली ८१८२८३८४ वापरते. चारही बाइट वेगळे, आणि प्रत्येकाचा वरचा बिट चढलेला. कोणी बाइट हाताने शिफ्ट करून जोडले असतील, तर चोवीस बिट सरकवलेला वरचा बाइट साध्या इंटच्या चिन्हाच्या बिटात जातो, आणि पुढे चौसष्ट बिटांत टाकला की वरचा सगळा भाग एकांनी भरतो. त्या किंमतीने हाही बग सापडतो.

आठव्या चाचणीत मधल्या बफरवर एक मेमईक्यू घाल. ती आधी एस३९० वर पडू दे. मग कोडमध्ये दोन्ही बाजूंचं रूपांतर घाल. अपयश डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुरुस्ती करू नकोस.

दिशेबद्दल एक गोष्ट. सीपीयू_टू_एलई३२ आणि एलई३२_टू_सीपीयू हे दोन्ही मॅक्रो यंत्रावर एकच काम करतात: दोन्ही फिरवतात, किंवा दोन्ही काही करत नाहीत. उलट्या दिशेचा वापरलास तरी कोणत्याही मशीनवर चाचणी पडणार नाही. ही चूक चालवून सापडत नाही, फक्त प्रकार तपासून सापडते. त्यासाठी स्पार्स आहे. टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये लिहिलेलं हे तपासणीचं साधन दुहेरी अधोरेषेचे एलई३२, बीई१६ असे प्रकार साध्या संख्यांपासून वेगळे मानतं. मेकला सी=१ दिलंस तर पुन्हा कंपाइल होणाऱ्या फाइल तपासतं, सी=२ दिलंस तर सगळ्या. पण तुझ्या चाचणीच्या फाइलवर ते आज गप्प बसेल, कारण नकली रेकॉर्डची सगळी फील्डं तू साधी यू१६, यू३२ म्हणून जाहीर केली आहेस. कार्डाच्या क्रमातलं जे जे आहे त्याचा प्रकार आधी एलई१६ किंवा एलई३२ कर. मग स्पार्स जी यादी देईल ती बहुतेक तुझी कामाची यादीच असेल. त्यातली एखादी ओळ फोर्सचा कास्ट टाकून गप्प करायचा मोह होईल. फोर्स लिहायचा असेल तर वर एक ओळ टीप लिही की इथे प्रकार का मोडला. ती टीप लिहिता आली नाही, तर बहुधा फोर्स तिथे नको आहे.

चालवायचं कसं, तेही सांगते, कारण "आमच्याकडे मेनफ्रेम नाही" असं तू म्हणालीस. मेनफ्रेम लागत नाही. केयुनिट.पीवाय ला रन च्या पुढे आर्च म्हणून एस३९० दे आणि क्रॉस_कंपाइल मध्ये एस३९०एक्स च्या जीसीसीचा उपसर्ग दे. ते कर्नल बांधून क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये उठवतं. त्या आर्किटेक्चरचं क्यूईएमयू आणि क्रॉस-कंपायलर दोन्ही उबुंटूच्या पॅकेजांत मिळतात. पहिल्यांदा बांधायला वेळ लागतो. प्रत्येक आर्किटेक्चरसाठी बिल्ड_डिर वेगळा ठेव, नाहीतर युजर-मोड आणि एस३९० एकाच फोल्डरवर आळीपाळीने बांधले जातील आणि दर वेळी सगळं नव्याने होईल. माझा क्रम असा: आधी नेहमीचं युजर-मोड, मग एस३९०, मग पॉवरपीसी, शेवटी संरेखनासाठी (पत्ता मापाच्या पटीत आहे की नाही ते पाहायला) स्पार्क. रोजच्या कामात पहिली दोन पुरतात.

काही फसव्या जागा, भरभर. स्ट्रक्टमधली बिटफील्डं बिग-एंडियनवर सहसा उलट्या टोकाकडून वाटली जातात. कर्नलच्या आयपी हेडरमध्ये म्हणूनच व्हर्जन आणि लांबी दोन वेगवेगळ्या क्रमांनी लिहिलेली दिसतात. नवीन कोडमध्ये कार्डाच्या फॉरमॅटसाठी बिटफील्ड वापरू नकोस; एलई३२_गेट_बिट्स वापर. सीआरसी३२_एलई आणि सीआरसी३२_बीई या सीआरसी प्रकारचा चेकसम काढणाऱ्या फंक्शनांची नावं पाहून फसू नकोस: तिथला एलई-बीई बिटांच्या क्रमाबद्दल आहे, दोन्ही फंक्शनं कोणत्याही मशीनवर तेच उत्तर देतात. बाइट क्रम आणि बिट क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाशीहून आलेली लोकल ठाण्यात वळत नाही. मोटरमन दुसऱ्या टोकाला जातो आणि शेवटचा डबा पहिला होतो. डब्यात बसलेली माणसं जिथल्या तिथे असतात. बाइट उलटतात तेव्हा आतले बिट असेच जागेवर असतात.

ग्राफिक्सच्या बाजूला गेलीस तर तिथेही हीच गोष्ट भेटेल. डीआरएम या कर्नलच्या ग्राफिक्स विभागातला एक्सआरजीबी८८८८ हा पिक्सेलचा फॉरमॅट मेमरीत लिटल-एंडियन असा ठरवलेला आहे. त्याच्या फॉरमॅट-हेल्परच्या केयुनिट चाचण्या २०२२ मध्ये पॉवरपीसीवर पडत होत्या, कारण चाचणीचे पिक्सेल यू३२ संख्यांच्या रूपात मशीनच्या क्रमाने ठेवलेले होते. दुरुस्ती चाचणीच्या बफरांवर झाली. वर मी ज्याला नकली डेटाचा दोष म्हटलं, त्याचं हे चांगलं उदाहरण आहे; तो पॅच काढून वाच.

आता पॅच पाठवताना. कोडची दुरुस्ती आणि चाचण्यांची दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये ठेव. लांबीचं राहिलेलं रूपांतर हा खरा बग आहे; तो पहिला पॅच, त्यावर फिक्सेसची (चूक कोणत्या कमिटमध्ये आली ते सांगणारी) ओळ मूळ कमिटच्या हॅशच्या पहिल्या बारा अक्षरांसह, आणि जुन्या आवृत्त्यांत जावा म्हणून स्टेबलचा उल्लेख. आठव्या चाचणीतला मेमईक्यू आणि २५८ त्याच्या पाठोपाठ. मग हेडर, चेकसम, फ्लॅग, गेन या चार चाचण्यांचा एकेक छोटा पॅच. प्रत्येकाच्या वर्णनात पडलेली ओळ जशीच्या तशी दे, कोणत्या आर्किटेक्चरवर पडली ते दे, आणि "हा आकडा संख्या आहे" किंवा "हे कार्डाच्या क्रमातले बाइट आहेत" हे एका वाक्यात लिही. नुसतं "एंडियन दुरुस्ती" असं शीर्षक लिहिलंस तर मेन्टेनरला कोड चुकला होता की चाचणी, ते कळणार नाही, आणि स्टेबलला काय न्यायचं तेही नाही.

चेकसमचा पॅच पाठवण्याआधी एकदा मला दाखव. शनिवारी गडकरी रंगायतनच्या बाजूला सकाळी दहाला आम्ही बसतो; लॅपटॉपवर एस३९० चा बिल्ड तयार ठेवून ये, म्हणजे आठवी चाचणी तिथेच पडताना पाहू.